दोन तपासण्यांच्या मधून निसटलेला झगा : थीम पार्कमधील एका प्रौढ पाहुणीच्या वेशभूषेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील एका मोठ्या थीम पार्कमध्ये घडले. पार्कचे नाव, संबंधित महिलेची ओळख आणि कर्मचाऱ्यांची नावे येथे दिलेली नाहीत. वेश कोणत्या पात्राचा होता आणि राइड कोणती होती हेही मुद्दाम वगळले आहे, कारण तेवढ्यावरूनही ओळख पटू शकते. प्रसंग तसा गंभीर नव्हता. कोणाला इजा झाली नाही, पोलिसांना बोलवावे लागले नाही, कोणावर कायमची प्रवेशबंदी आली नाही. तरीही तो तपशिलाने मांडण्याजोगा आहे, कारण नियम लेखी होता, कर्मचारी प्रशिक्षित होते, पाहुणी नियम वाचून आलेली होती आणि इतके असूनही दुपारभर सगळ्यांनाच मनस्ताप झाला.

प्रौढांच्या वेशभूषेचा विषय निघाला की चर्चा बहुधा डिस्नेच्या नियमापासून सुरू होते. डिस्नेच्या अमेरिकेतील पार्कमध्ये १४ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या पाहुण्यांना एरवीच्या दिवशी पूर्ण वेशभूषा करून आत येता येत नाही. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना ती करता येते, मात्र मुखवट्याने पूर्ण चेहरा झाकला जाता कामा नये आणि डोळे दिसले पाहिजेत. डिसेंबर २०१५ मध्ये, पॅरिस आणि कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील दहशतवादी हल्ल्यांनंतर काही आठवड्यांतच, अमेरिकेतील मोठ्या पार्कच्या प्रवेशद्वारांवर मेटल डिटेक्टर आले. त्याच वेळी डिस्नेने खेळण्यातल्या बंदुकांची विक्री थांबवली आणि मोठ्यांच्या वेशभूषेबाबतचा नियमही कडक केला. पात्राचे रंग आणि छटा वापरून साध्या कपड्यांतच त्याची आठवण करून देण्याची जी पद्धत २०११ पासून ‘डिस्नेबाउंडिंग’ या नावाने रूढ झाली, ती मात्र या नियमात बसते. पिवळा घेरदार स्कर्ट, निळा ब्लाउज आणि केसांत लाल रिबीन अशा, स्नो व्हाइटच्या रंगांतील बाईंना गेटवर कोणी अडवत नाही.

नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि हे प्रकरण त्या अपवादाच्या कडेवरच घडले. हॅलोविनच्या मोसमात ठरावीक संध्याकाळी पार्क दिवसाच्या पाहुण्यांसाठी लवकर बंद होते आणि वेगळे तिकीट काढलेल्या लोकांसाठी रात्रीचा कार्यक्रम सुरू होतो. या कार्यक्रमाला मोठ्यांनाही वेश करून येता येते. तिथेही अटी असतातच: झगा जमिनीला टेकता कामा नये, केप कमरेखाली जाता कामा नये, प्रौढांनी मुखवटा घालू नये, खऱ्या शस्त्रासारखे दिसणारे काही जवळ नसावे, आणि वेशातील पाहुण्याने इतरांसाठी फोटोला उभे राहू नये किंवा स्वाक्षऱ्या देऊ नयेत. आपल्या प्रकरणातील पार्कचे नियमही थोड्याफार फरकाने असेच होते. कार्यक्रमाचे तिकीट असलेल्यांना दुपारी चारपासून आत सोडत आणि दिवसाचे पाहुणे संध्याकाळी सातला बाहेर पडत. मधल्या तीन तासांत दोन प्रकारचे पाहुणे एकाच रस्त्यावरून फिरत असत.

सगळीकडे असेच चालते असे नाही. युनिव्हर्सलच्या ऑरलँडो येथील पार्कमध्ये २०१० साली जादूगारांच्या शाळेचा विभाग सुरू झाला, तेव्हापासून तेथील काळे झगे घालून प्रौढ माणसे भर दुपारी हिंडतात आणि पार्कही ते झगे हौसेने विकते. टोकियो डिस्नेलँडमध्ये मोठ्यांना पूर्ण वेशाची मुभा हॅलोविनच्या ठरावीक काळापुरती मिळते आणि तिथले चाहते त्या काळासाठी वर्षभर शिवणकाम करतात. उलट, डिस्नेच्या अमेरिकेतील पार्कमध्ये २०१९ साली अंतराळकथेवर आधारलेला विभाग उघडला, तेव्हा तिथल्या दुकानात योद्ध्यांचे पायघोळ झगे विक्रीला होते. ते विकत घेता येत, पण मोठ्यांना ते पार्कमध्ये घालून फिरता येत नसे. असा नियम समजावून सांगणे गेटवरच्या कर्मचाऱ्याला किती जड जात असेल, याची कल्पना करता येते.

हा नियम कशासाठी आहे

नियमाची कारणे तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. पहिले कारण यंत्रांचे आहे. काही राइडच्या गाड्या चढउतारासाठी थांबत नाहीत. साखळीसारख्या जोडलेल्या गाड्या अखंड फिरत राहतात आणि प्रवासी त्याच वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यावर पाऊल ठेवून आत बसतो. १९६९ साली डिस्नेलँडमध्ये सुरू झालेला भुताचा वाडा याच पद्धतीने चालतो. सरकता पट्टा जिथे स्थिर जमिनीखाली शिरतो तिथल्या फटीत कापड अडकणे ही कल्पनेतली भीती नाही. वेगाच्या राइडमध्ये मांडीवर येणारा दांडा मांडीला टेकावा लागतो. घेरात तारेची कडी असतील तर तो कापडावर टेकतो आणि बसला असे वाटते, प्रत्यक्षात शरीर आणि दांडा यांच्यात मोकळी जागा राहते. शिवाय राइड मध्येच बंद पडली तर प्रवाशांना अरुंद जिन्यांवरून आणि सेवामार्गांवरून चालवत बाहेर आणतात. तिथे पायघोळ काठ स्वतःच्याच नव्हे, मागच्या माणसाच्याही पायात येतो.

दुसरे कारण सुरक्षेचे. चेहरा दिसला पाहिजे आणि कपड्यांच्या थरांखाली काय आहे ते कळले पाहिजे. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

तिसरे कारण सर्वात कमी बोलले जाते, पण माझ्या मते तेच सर्वात वजनदार आहे. पार्कमधील अधिकृत पात्र म्हणजे प्रशिक्षण घेतलेला कलाकार असतो. मुलाला कसे जवळ घ्यायचे, कुठे हात ठेवायचा, हरवलेले मूल दिसले तर काय करायचे, घाबरलेल्या मुलापासून किती अंतर ठेवायचे, हे सगळे त्याला शिकवलेले असते आणि त्याच्यासोबत एक सहायक उभा असतो. चाहत्यांनी शिवलेले वेश आता इतके हुबेहूब असतात की सहा वर्षांच्या मुलाला फरक कळणे शक्य नाही. १९९७ साली सुरू झालेल्या ‘५०१ व्या लीजन’सारख्या ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांच्या संघटनेचे सदस्य घरी बनवलेली चिलखते घालून अधिकृत कार्यक्रमांत निमंत्रणावरून सहभागी होतात, इतका त्यांचा दर्जा असतो. म्हणजे अडचण वेश वाईट असण्याची नाही. तो चांगला असण्याची आहे. मूल ज्या अनोळखी प्रौढावर त्या वेशामुळे लगेच विश्वास टाकते, त्या प्रौढाबद्दल पार्कला काहीच माहिती नसते.

घडलेला प्रसंग

संबंधित महिला तिशीतील होत्या आणि दोन मैत्रिणींबरोबर आल्या होत्या. मैत्रिणींकडे रात्रीच्या कार्यक्रमाची तिकिटे होती. या बाईंनी ठरवेपर्यंत ती तिकिटे संपली होती, म्हणून त्यांनी दिवसाचे तिकीट काढले आणि संध्याकाळी सातपर्यंत मैत्रिणींसोबत थांबायचे असे ठरवले. पार्कच्या कार्यक्रमाच्या पानावर त्यांनी वेशभूषेचे नियम वाचले होते. चार वाजल्यापासून वेशातील लोक आत येणार असतील, तर चारनंतर वेश चालतो, असा अर्थ त्यांनी काढला. नियमात ‘कार्यक्रमाचे तिकीट असलेल्या पाहुण्यांना’ असे शब्द होते, पण ते पानाच्या सुरुवातीला होते. वेशाच्या अटी बऱ्याच खाली होत्या आणि तिथे ते शब्द पुन्हा आलेले नव्हते.

पोशाख त्यांनी स्वतः शिवला होता. कमरेपासून खाली पसरलेला मोठा घेर, त्याच्या आत पोलादी तारेची तीन कडी, वरच्या भागावर हाताने टाकलेले मणी आणि खांद्यांवरून मागे लोळणारी मखमली केप. घेराचा पुढचा काठ बुटांच्या टोकांवर येत होता, मागचा काठ मात्र जमिनीवर चार बोटे लोळत होता. म्हणजे कार्यक्रमाच्या अटी लावल्या असत्या तरी झगा आणि केप या दोन्ही बाबतींत हा वेश बसत नव्हता. मैत्रिणींचे वेश गुडघ्यापर्यंतचे आणि साधे होते.

सव्वाचारच्या सुमारास तिघी सुरक्षा तपासणीला आल्या. मेटल डिटेक्टर वाजला. रक्षकाने हातातील यंत्राने पाहिले, आवाज तारेच्या कड्यांचा आहे हे समजून घेतले, बाईंनी कडे वरून दाबून दाखवले आणि त्यांना पुढे सोडण्यात आले. रक्षकापुढचा प्रश्न ‘शस्त्र आहे का’ एवढाच होता आणि त्याचे उत्तर त्याला मिळाले होते. कार्यक्रमाची संध्याकाळ असल्याने वेशातील माणसे येणार हे त्याला माहीत होते. कोणाकडे कोणते तिकीट आहे, हे त्याला दिसत नव्हते.

पुढे तिकिटाच्या खांबाजवळ दिवसाचे तिकीट लावल्यावर हिरवा दिवा लागला, कारण ते तिकीट वैधच होते. तिथल्या कर्मचारी मुलीने झगा पाहिला, कौतुकही केले. सुरक्षा तपासणीतून बाई पुढे आल्या आहेत, म्हणजे वेश तपासला गेला आहे, असे तिने गृहीत धरले. कार्यक्रमाचा कागदी पट्टा मनगटावर बांधण्याचे काम आणखी आत, वेगळ्या टेबलावर होत असे. दिवसाच्या तिकिटावर आलेल्या पाहुण्याला त्या टेबलाकडे जाण्याचे कारणच नव्हते.

आत गेल्यावर तिघी सरकत्या पट्ट्याच्या एका राइडकडे गेल्या. चढण्याच्या जागेवरील कर्मचाऱ्याला मागचा काठ पट्ट्यावर लोळताना दिसला. त्याने हात आडवा केला, झगा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलायला सांगितले, केप पुढे घेऊन मांडीवर ठेवायला लावली आणि बाई गाडीत नीट बसेपर्यंत नजर हटवली नाही. त्याच्या जागेपुरते त्याने काम चोख केले. मात्र त्याने कोणाला कळवले नाही, कारण राइड न थांबता प्रसंग निभावला होता आणि असे काही घडले तर कळवायचे, असे त्याला सांगितलेले नव्हते.

पावणेसहाच्या सुमारास मुख्य चौकात एका कुटुंबाने बाईंना फोटोसाठी विचारले. त्यांनी आपण पार्कच्या नाही असे सांगितले. कुटुंबाला त्याने काही फरक पडला नाही. एक फोटो झाला, मग दुसऱ्या कुटुंबाने विचारले आणि पाहता पाहता आठ-दहा जणांची रांग लागली. एका लहान मुलीने स्वाक्षरीची वही पुढे केली तेव्हा बाईंनी ती हसून परत दिली. नेमक्या त्याच चौकात थोड्या वेळाने अधिकृत पात्र येणार होते आणि त्याचा सहायक जागा मोकळी करायला आला होता. त्याने सुपरवायझरला बोलावले.

समस्या नेमकी कोणती

वरवर पाहता समस्या एवढीच होती की एका पाहुणीने नियम मोडला. पण नीट पाहिले तर असे दिसते की वेश चालेल की नाही हे ठरवायला दोन गोष्टी एकत्र दिसाव्या लागत होत्या, अंगावरचा कपडा आणि खिशातले तिकीट. सुरक्षा रक्षकाला कपडा दिसत होता, तिकीट नाही. खांबाजवळच्या मुलीला दोन्ही दिसत होते, पण पडद्यावर तिकीट वैध आहे एवढेच उमटत होते. ते कोणत्या प्रकारचे आहे हे पाहायला तिला सांगितलेले नव्हते. आणि राइडवरच्या माणसाला फक्त काठ दिसत होता. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर वागून चूक पुढे ढकलली आणि शेवटी ती अशा ठिकाणी उघडी पडली जिथे मुले बघत उभी होती.

सुपरवायझरपुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्याला पुढच्या पाच मिनिटांत रांग मोडायची होती, अधिकृत पात्राच्या येण्यापूर्वी चौक मोकळा करायचा होता आणि हे सगळे मुलांच्या देखत, त्यांना आपण काही वाईट केले असे न वाटू देता करायचे होते.

विचारात घेतलेले पर्याय

बाईंना बाहेर घेऊन जाणे हा नियमाच्या चौकटीत बसणारा पहिला पर्याय होता. अधिकार पार्ककडे होताच. परंतु बाई पार्कच्याच दोन तपासण्यांतून आत आल्या होत्या. दीड तासानंतर त्यांना बाहेर काढायचे म्हणजे आपल्या चुकीची किंमत त्यांच्याकडून वसूल करायची. उलट टोकाला, सात वाजायला थोडाच वेळ उरला आहे तर सोडून द्यावे, असाही विचार झाला. तो मोहाचा होता. अडचण अशी की त्या वेळात त्या आणखी एखाद्या राइडवर गेल्या असत्या, आणि प्रत्येक राइडवरचा माणूस पट्ट्याजवळच्या त्या कर्मचाऱ्याइतका दक्ष असेलच असे नाही.

तिसरा विचार जागेवरच वेश अटीत बसवण्याचा होता: केप काढून ठेवायची, मागचा काठ सेफ्टी पिनांनी वर उचलायचा. शिवणकाम विभागाकडून पिना दोन मिनिटांत आल्या असत्या. त्याने यंत्राचा प्रश्न बराचसा सुटला असता, पण मुलांचा सुटला नसता. केप नसली तरी ते पात्र ओळखू येतच होते. शिवाय बाईंकडे कार्यक्रमाचे तिकीट नव्हते, त्यामुळे तसे केल्याने नियमाच्या दृष्टीने काहीच बदलले नसते. कार्यक्रमाचे तिकीट आयत्या वेळी द्यावे का, हेही कोणीतरी सुचवले. तिकिटे संपलेली असताना नियम मोडणाऱ्याला ते देणे योग्य झाले नसते, आणि ही सूचना तिथेच थांबली हे बरे झाले.

उरला तो पर्याय म्हणजे कपडे बदलायला सांगणे. पार्कच्या नियमावलीत तो एका ओळीत लिहिलेला आहे: पाहुण्याने योग्य पोशाख करावा किंवा बाहेर जावे. पण काही महिने रात्री बसून शिवलेल्या झग्याच्या बाबतीत ‘बदला’ म्हणणे ही साधी सूचना राहत नाही. तो झगा ठेवायचा कुठे? पार्कमधील लॉकर पाठीवरच्या पिशवीच्या मापाचे होते. तारेची कडी पिळून आठच्या आकारात दुमडता येतात हे खरे, पण वर मणी असलेला भाग तसा दुमडला की दोरे तुटतात आणि मणी सांडतात. बदलून घालायला दुसरे कपडे बाईंनी आणलेले नव्हते.

प्रत्यक्ष कृती

सुपरवायझरची सुरुवात चांगली झाली नाही. त्याने रांगेतील लोकांना नम्रपणे पांगवले, पण बाईंशी चौकातच उभ्याने बोलायला सुरुवात केली आणि पहिलेच वाक्य ‘नियम संकेतस्थळावर दिलेले आहेत’ असे उच्चारले. बाईंनी फोन काढून कार्यक्रमाचे पान त्याच्यासमोर धरले. मला गेटवर कोणी अडवले नाही, माझ्या मैत्रिणी वेशातच आहेत आणि या पानावर मोठ्यांना वेश चालतो असे लिहिले आहे, असे तीन मुद्दे त्यांनी मांडले. तिन्ही खरे होते. सुपरवायझरने तिकिटाचा प्रकार विचारला आणि तिथून आवाज चढू लागले.

प्रसंग सावरला तो पाहुण्यांच्या तक्रारी बघणाऱ्या विभागातील एका ज्येष्ठ महिलेने. त्यांनी आधी झग्याकडे पाहिले, मग बसून बोलू या म्हणून तिघींना चौकालगतच्या कार्यालयात नेले. तिथे त्यांनी नियम वाचून दाखवला नाही. बाईंकडून चूक झाली त्याआधी आपल्या गेटवर चूक झाली आहे, हे त्यांनी पहिल्यांदा मान्य केले. त्यानंतर फोटोच्या रांगेचा मुद्दा सांगितला: त्या मुलीला वही परत मिळाली तेव्हा तिला असे वाटले की पात्राने आपल्याला नाकारले, आणि थोड्या वेळाने तेच पात्र त्याच चौकात हसत सही देणार होते. बाईंच्या बोलण्याचा सूर इथे बदलला. यंत्राचे कारण त्यांना आधीच पटलेले होते; राइडवर त्यांनी स्वतःच काठ उचलला होता. मुलांचे कारण त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

मग व्यवहाराचे बोलणे झाले. पार्कने टी-शर्ट आणि खाली घालायला साधी पँट विनामूल्य दिली. झगा लॉकरमध्ये कोंबण्याऐवजी कार्यालयातील हँगरवर, कापडी कव्हरमध्ये टांगून ठेवला आणि सातनंतर बाई नेतील तोवर तिथेच राहील असे ठरले. कडी वेगळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. केसांची रचना आणि दागिने तसेच राहू दिले, कारण साध्या कपड्यांवर त्यांना नियमाची आडकाठी नव्हती. हे सगळे व्हायला अर्धा तास लागला. त्यातले पहिले दहा मिनिट चौकात वाया गेले नसते तर बहुधा वीस मिनिटांत आटोपले असते.

परिणाम

बाई सातपर्यंत थांबल्या आणि झगा घेऊन गेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी लेखी तक्रार केली. तक्रार झगा बदलायला लावल्याची नव्हती. चौकात, लोकांसमोर जे बोलणे झाले त्याची आणि कार्यक्रमाच्या पानावरील मजकुराची होती. पार्कने या दोन्ही गोष्टींबद्दल दिलगिरी व्यक्त केली, दुसऱ्या एका दिवसाचे तिकीट दिले आणि नियमाबद्दल दिलगिरी व्यक्त केली नाही. हा फरक पत्रात स्पष्ट लिहिलेला होता, आणि ते योग्यच होते. तक्रार शांत करण्यासाठी नियमाचीच माफी मागणारी पत्रे पुढच्या पाहुण्याला अडवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतात.

त्याच मोसमात दोन बदल झाले. कार्यक्रमाचा मनगटी पट्टा आता सुरक्षा तपासणीच्या आधी, बाहेरच्या मोकळ्या जागेत बांधला जातो आणि त्याच टेबलावर वेशाचीही पाहणी होते. त्यामुळे रक्षकापुढे वेश केलेला प्रौढ पट्ट्याविना आला तर त्याला तिकीट पाहण्याची गरजच पडत नाही. दुसरा बदल पानावरच्या मजकुरात झाला: वेशाच्या प्रत्येक अटीच्या वर, फक्त कार्यक्रमाच्या तिकिटावर, असे शब्द आले. पट्ट्याचे टेबल बाहेर हलवल्याने पहिल्या काही संध्याकाळी बाहेरची रांग लांबली आणि त्याबद्दल वेगळ्या तक्रारी आल्या. त्या पार्कने सहन केल्या.

वेगळे काय करता आले असते

निर्णयाच्या जागा पाहिल्या तर सर्वात स्वस्त जागा सुरक्षा तपासणीपूर्वीची होती. तिथे अडवले असते तर बाईंचे तिकीट वापरलेले नसते, गाडीपर्यंत परत जाऊन कपडे बदलता आले असते किंवा दुसऱ्या दिवशी येता आले असते. पुढे सरकत गेल्यावर प्रत्येक टप्प्यावर पर्याय कमी होत गेले आणि शेवटच्या टप्प्यावर बघ्यांची भर पडली. मोठ्या कॉमिक संमेलनांत, उदाहरणार्थ सॅन दिएगोच्या संमेलनात, वेशाबरोबरचे प्रॉप सुरुवातीलाच तपासले जातात आणि तपासल्याची खूण त्यावर बांधली जाते. ती खूण असली की पुढच्या माणसाला पुन्हा विचारावे लागत नाही. मनगटी पट्ट्याचा बदल हा त्याच पद्धतीकडे जाणारा आहे.

राइडवरील कर्मचाऱ्याबद्दल पार्कच्या अंतर्गत चर्चेत मतभेद झाले. त्याने लगेच राइड नाकारायला हवी होती असे काहींचे म्हणणे होते. मला ते पटत नाही. काठ हातात आणि केप मांडीवर असताना बसण्यात तेवढा धोका उरलेला नव्हता, आणि प्रत्येक पायघोळ कपडा वेश नसतो. धार्मिक कारणाने किंवा रोजच्या सवयीने घोट्यापर्यंत वस्त्रे घालणारे कितीतरी पाहुणे त्याच रांगेत असतात. त्यांनाही ‘काठ उचला’ एवढेच सांगायचे असते. राइडवरचा नियम लांबीचा असावा, वेशाचा नसावा. त्याने बसवून झाल्यावर एका वाक्यात वर कळवले असते, तर सुपरवायझर चौकातील गर्दी होण्याआधीच बाईंना शांतपणे भेटू शकला असता. दीड तासातला हाच एक टप्पा असा होता, जिथे काहीही खर्च न होता प्रसंग टळला असता.

सुपरवायझरने दोन गोष्टी उलट क्रमाने करायला हव्या होत्या: आधी जागा बदलायची, मग बोलायचे. आणि संकेतस्थळाचा उल्लेख सुरुवातीला नकोच. पाहुण्याने नियम वाचला नाही असे त्यातून सुचवले जाते, आणि वेश शिवून आलेला पाहुणा तर नियम इतरांपेक्षा जास्त बारकाईने वाचतो. तो चुकीच्या ठिकाणी वाचतो, एवढेच.

बाईंच्या बाजूनेही काही करता आले असते. तिकीट वेगळे असल्याने आपल्याला वेश चालेल का, हे फोन करून विचारता आले असते. पिशवीत एक साधा कपड्यांचा जोड ठेवणे सोपे होते. काठ घोट्याच्या वर आणि केप कमरेपर्यंत ठेवली असती तर तो पोशाख पुढच्या वर्षी कार्यक्रमाच्या तिकिटावर जसाच्या तसा घालता आला असता. पण चाहते पडद्यावरचा वेश हुबेहूब करू पाहतात आणि पडद्यावरची पात्रे सरकत्या पट्ट्यावर चढत नाहीत.

एक प्रश्न या प्रकरणानंतरही सुटलेला नाही. वयाची सीमा १४ वर्षांवर आहे, पण गेटवर वयाचा पुरावा मागत नाहीत; १३ वर्षांचा उंच मुलगा अडवला जातो आणि १५ वर्षांची बुटकी मुलगी सुटते. पार्कने यावर कर्मचाऱ्यांना दिलेली सूचना एवढीच आहे की शंका असेल तर पालकांना वय विचारावे आणि जे सांगतील ते मान्य करावे. ती सूचना अजून तशीच आहे.